धाकटीची वार

बाळाच्या मागून वार पडते. ती सगळी पडली की नाही, एवढंच सुईण बघायची. मग पळसाच्या पानांत गुंडाळून, मीठ आणि हळद टाकून ती सांदवाडीत पुरायची. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. आमच्याकडे आंघोळीच्या दगडाच्या खालच्या अंगाला ही जागा ठरलेली होती. तिथली माती बाराही महिने ओली राहते, आणि ओल्या मातीत वार पुरली की बाळंतिणीला दूध सुटतं, असं आत्याबाई म्हणत. सासूला आम्ही दोघी जावा आत्याबाईच म्हणत असू.

वार लहान की मोठी हे मोजणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, तो नागपुरात. धाकट्या जावेला घेऊन गेले होते तेव्हा. साल मला नक्की सांगता येणार नाही. माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती आणि पंतप्रधान इंदिराबाई जाऊन फार दिवस झाले नव्हते, एवढं आठवतं.

आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजूला. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. माझे मालक चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते, ते तिकडेच राहत आणि सुट्टी मिळाली की येत. शेती धाकटे दीर बघत. घरात आत्याबाई, दीर, त्यांची बायको म्हणजे धाकटी, मी आणि माझ्या दोन मुली. कामाला माणसं पुरत नसत. मला त्या वर्षांतलं दुसरं काही आठवायला गेलं तर नुसतं दुखणारं कंबरडंच आठवतं.

धाकटीला आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. मी घरात कमी बोलणारी, ती आली आणि माझ्या वाटचंही बोलू लागली. रोवणीच्या दिवसांत ती पोटाशी होती. चिखलात वाकून धानाचं रोप लावता लावता मागच्या बाईला म्हणायची, "माहं लेकरू पोटातूनच रोवणं शिकून राहिलं, बाहेर आलं का त्याले पहिल्या दिवशी बांधीत उतरवतो." बाया हसायच्या. मी तिच्या पोटाकडे बघायची. सहावा महिना सरत आला होता आणि लुगड्यातून पोट दिसत नव्हतं.

दिसणार कुठून. आमच्याकडे पोटुशी बाई पोटभर जेवत नसे. एकाच पोटात भात आणि एकाच पोटात लेकरू, दोघांना जागा कशी पुरेल, असं सगळ्याच म्हाताऱ्या सांगत. शिवाय खाल्लं की लेकरू मोठं होतं आणि मोठं लेकरू निघताना अडतं. आत्याबाई या बाबतीत गावातल्या सगळ्यांहून कडक होत्या. सकाळी पेज, दुपारी मुठीएवढा भात आणि लाखोरीच्या डाळीचं पाणी, संध्याकाळी जे उरेल ते. मासोळी आणली तर रस्सा तिला, तुकडा नाही.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. हे मला आधी सांगून ठेवलं पाहिजे. माझी नणंद, त्यांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर खातंपितं. पोट एवढं मोठं की तिला चौकटीतून तिरपं व्हावं लागे. ती अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा तिला बैलगाडीत घालून तुमसरच्या दवाखान्यात न्यायला काढलं. वाटेत नाला होता, त्याला पाणी होतं. गाडी अलीकडेच उभी राहिली आणि ती तिथेच गेली, लेकरू पोटात घेऊनच. दीर तेव्हा मिसरूड न फुटलेले होते, गाडी त्यांनीच हाकली होती. तेव्हापासून घरात कोणी पोटाशी राहिलं की आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळे.

माझं पहिलं बाळंतपण त्याच्याही आधीचं. तेव्हाही रीत हीच होती, आत्याबाईंना एवढी धास्ती नव्हती इतकंच. मी नवी होते, बोलायची नाही, भूक लागली तर माठातलं पाणी प्यायची. मुलगा झाला. इतका लहान की सुईणीला त्याला धरायला दोन्ही हात लागले नाहीत. त्याच्या मागून वार पडली ती तिने उचलून आत्याबाईंना दाखवली आणि म्हणाली, "एवढीच?" मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकलं. मुलाला दूध ओढता आलं नाही. तो पाचवीच्या पूजेपर्यंतही राहिला नाही. लोक म्हणाले, बाळंतपण किती सोपं झालं.

म्हणून धाकटीचं पोट वाढत नव्हतं तेव्हा मला काळजी लागली. कोणाला बोलले नाही. बोलायची मला सवयच नव्हती. पोळा झाल्यावर गावात नर्सबाई आली होती, तिने धाकटीच्या पोटाला हात लावला आणि तुमसरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढायचं नवीन मशीन आलं आहे, एक डॉक्टर खेड्यातल्या बाया तपासतात, तिथे न्या.

आत्याबाईंनी हो म्हटलं याचं मला नवल वाटलं. मग कळलं. त्यांना आणि दिरांना लेकरू मोठं आहे का हेच बघायचं होतं. पोट लहान दिसतं, पण आत काय आहे कोणाला ठाऊक, असं त्यांचं चाललं होतं.

मला बरोबर नेलं कारण मला वाचता येत होतं. माझी चौथी झाली आहे. दिरांची दुसरीतच शाळा सुटली, धाकटी शाळेत गेलीच नाही. नागपूरच्या त्या दवाखान्यात भिंतीवर पाट्याच पाट्या होत्या. मी पदर ओढून पुढे आणि हे दोघं मागे, असं आम्ही एकेक पाटी वाचत गेलो. धाकटी म्हणाली, "बाई, तुमी आज तलाठी झाल्या."

डॉक्टर तरुण होते, चष्म्याचे. धाकटीला खाटेवर निजवून त्यांनी पोटावर थंडगार चिकट काही लावलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली, ते थांबले, ती पुन्हा हसली. दीर लाजून भिंतीकडे बघू लागले. मग डॉक्टरांनी एक ठोकळा पोटावर फिरवला आणि समोरच्या काचेत पाऊस पडल्यासारखं काळंपांढरं हलू लागलं. मला त्यात काही दिसलं नाही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं तरी दिसलं नाही. ते एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकळा दाबून काहीतरी मोजत होते.

"ही वार," ते म्हणाले. "ही जाड असायला पाहिजे. हिची पातळ आहे, आणि पसरलीही कमी आहे. बाळ हिच्यातूनच खातं. वार अशी असली की बाळ कमी वजनाचं होतं, असं दिसून येत आहे. आम्ही तेच तपासतो आहोत."

मला एकदम रोवणीचं रोप आठवलं. परह्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटताना कधी मूठभर मुळ्या येतात, कधी दोनच केस. दोन केसांचं रोपही आपण लावतोच. ते मरत नाही, पण लोंबीत दाणा भरत नाही.

दिरांनी विचारलं, "म्हणजे लहानच होईल का, साहेब?"

"लहान होईल. आतापासूनच लहान आहे."

"मंग अडत तं नाही ना?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "अडणार कशाला? पण फार लहान झालं तर दूध कसं ओढेल ते? थंडीत अंग गरम कसं राहील? हिला जेवू घाला नीट. दोन्ही वेळा पोटभर. वजन उचलू देऊ नका, दुपारी निजू द्या. वार त्याने वाढेलच असं मी म्हणत नाही. पण जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या. आणि बाळंतपण घरी करू नका. लहान बाळाला सांभाळायची सोय पाहिजे."

त्यांनी आणखी एक सांगितलं. बाळ झालं की त्याचं वजन आणि वारेचं वजन दोन्ही कळवा, माझा अंदाज बरोबर आला का ते मला बघायचं आहे. मी मान हलवली. मला विचारायचं होतं की आता खाल्लेलं उशिरा तर झालं नाही ना. पण परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही आणि पुढची बाई आत आली.

पॅसेंजरमध्ये दीर खुशीत होते. कितीतरी वर्षांत त्यांना मी असं बघितलं नव्हतं. तुमसरला उतरल्यावर त्यांनी बालुशाही घेतली. गावात शिरताच सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेल्या आत्याबाईंना त्यांनी लांबूनच हाक दिली.

"माय, लहानच हाये म्हणते. मशीनवर पाह्यलं. अडत नाही म्हणते."

आत्याबाई उठल्या. देवाच्या कोनाड्यापुढे जाऊन त्यांनी डोकं टेकलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. शेजारपाजारच्या घरी बालुशाही गेली. वार पातळ निघाली म्हणून गोड वाटणारं आमचं घर एकटंच असेल. धाकटीला अर्धा तुकडा मिळाला.

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, "तिले पोटभर जेवू द्या म्हणत होते डॉक्टर."

"त्या डॉक्टरची बहीण मेली काय अडून?" आत्याबाई म्हणाल्या. "लहान हाये तं लहानच राहू दे. आता शेवटी शेवटी खाऊ घालून वाढवाचं काय?"

"लेकरू दूध ओढणार नाही म्हणत होते."

"मोठं निंगालं तं ओढाले मायच राहत नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. नाल्याकाठची गाडी मीही बघितली होती. दिरांकडे बघितलं तर ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

पुढचे दिवस तसेच गेले. मुठीएवढा भात. मी माझ्या ताटातलं पदराखाली ठेवून तिला न्यायची, पण माझंच ताट केवढं. धाकटी भाजलेली लाखोरी कनवटीला ठेवून चघळत असे. एकदा धान निंदताना मला म्हणाली, "बाई, त्या मशीनमंधी भात दिसते काय वो?"

"नाही दिसत."

"मंग बरं हाये. नाहीतं डॉक्टर म्हणला असता, घर सापडलं पण चूल सापडून नाही राहिली."

मी हसले. ती हसता हसता बांधावर बसली आणि मग तिला उठवेना. मी तिला दोन्ही काखांत हात घालून उचललं. ती हलकी लागली. एवढ्या दिवसांची बाई इतकी हलकी कशी?

दोन दिवसांनी हलक्या धानाचा पहिला तांदूळ घरात आला. दुपारी आत्याबाई आणि मी सपरीत पाखडत बसलो होतो. माझी मोठी मुलगी शाळेत, लहान शेजारी खेळायला गेलेली, धाकटी आत भांडी घासत होती, दीर बांधीवर. मी कितीतरी वेळ शब्द जुळवत होते. शेवटी जे तोंडात आलं ते जुळवलेलं नव्हतंच.

"आत्याबाई, माह्या पहिल्याची वार तुमी पाह्यली होती ना?"

सूप थांबलं. "काहून विचारून राहिली?"

"केवढी होती?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उजवा पंजा उघडला. मग बोटं हळूहळू आत मिटत आणली आणि अर्ध्यात थांबवली. तेवढी. इतक्या वर्षांनी त्यांच्या हाताला ते माप आठवत होतं.

"धाकटीची तशीच हाये म्हणते. पातळ," मी म्हणाले.

मी मूर्खासारखी पुढे बोलले, "आन् नणंदबाईची?"

"तिची पडलीच कुठी," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या ते लक्षातच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत भांड्यांचा आवाज येत होता. आत्याबाईंनी सुपातले खडे वेचले, पुन्हा सुपातच टाकले.

मग त्या म्हणाल्या, "तुहं पोट्टं गेलं तं मी म्हणलं, सून वाचली. दुसरं होईन. तुले कधी विचारलं नाही मी."

"नाही विचारलं."

"आता खाऊ घातलं आन् पोर वाढून अडलं, तं?"

"आधीच तुमसरले नेऊन ठेवू. दुखणं लागाच्या आधी. तिथं अडलं तं कापून काढतात."

"आन् तिथं कोण बसन? धान कापाचे दिवस हायेत."

"मी बसतो."

"मंग धान कोण कापन?"

धान कापायला बाया मिळत नव्हत्या आणि आम्हा दोघींचे हात गेले तर आत्याबाई आणि दीर एवढेच उरत होते. आत्याबाईंचे गुडघे तेव्हाच गेले होते. त्या उठल्या, गुडघ्यांवर हात टेकून, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "संध्याकाळी दोन मुठी तांदूळ जास्त टाक."

त्या दिवसापासून धाकटीचं ताट आत्याबाई स्वतः वाढू लागल्या. भात, वर डाळ, मासोळीचा तुकडा, कधी अंडं. ताट तिच्यापुढे ठेवायच्या आणि उठून सांदवाडीत निघून जायच्या. ती जेवत असताना त्यांना बघवत नसे. एकदा मी पाणी आणायला गेले तर त्या आंघोळीच्या दगडावर कोरड्याच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "झालं काय तिचं?" म्हटलं, नाही अजून. त्या पुन्हा तशाच बसल्या.

आणि धाकटीला आता जेवण जाईना. इतके महिने पोट आकसून गेलेलं. चार घास खाल्ले की तिला दाटून येई. "बाई, आता जागाच नाही वो. आधी भूक होती तं भात नोहता, आता भात हाये तं भूक पळाली." मी तिला थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी देत राहिले. पेजेत गूळ घालून, भात कालवून. शेतातून येऊन भरवायचं आणि पुन्हा शेतात जायचं. पोट थोडं दिसू लागलं असं मला वाटायचं. मला वाटायचं, एवढंच.

कार्तिकात तिला घेऊन मी तुमसरला गेले. धान उभं होतं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली इतर गावच्या बायांसारखी मीही तीन दगड मांडून चूल केली. धाकटी वॉर्डात, मी बाहेर. मला तिथे काही काम नव्हतं तरी विसावा मिळाला नाही. घरी आत्याबाई वाकून धान कापत असतील हेच डोळ्यांपुढे येई.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं झालंही. काही अडलं नाही. मुलगी झाली. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "फार लहान आहे हो. पावणेदोन किलोसुद्धा भरत नाही." मी आत जाऊन बघितलं. कापसात गुंडाळलेलं एवढंसं तोंड, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. नागपूरचे डॉक्टर बोलले होते तसंच झालं होतं. आम्ही खाऊ घातलं, भांडलो, धान टाकून आलो, तरी त्या पातळ वारेने आपलंच खरं केलं, असं मला वाटलं. मी खाटेच्या दांडीला धरून उभी राहिले. धाकटी म्हणाली, "बाई, रडते तं चांगली. ऐका ना." ती खरंच रडत होती, मांजरीच्या पिलासारखी, पण रडत होती. माझा मुलगा रडला नव्हता.

निरोप मिळाल्यावर आत्याबाई आणि दीर दुपारच्या गाडीने आले. आत्याबाईंच्या हातांना धानाच्या पानांनी चिरा पडल्या होत्या. नातीला त्यांनी बघितलं. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, ती जिवंत आहे याची खात्री करून घेतल्यासारखा. मग सिस्टरना म्हणाल्या, "वार देता काय, बाई? आमच्यात घरी पुरतात." तिथे हे नेहमीचंच होतं. आयाने एका तामचिनीच्या तसराळ्यात ती आणून दिली.

आवारात झाडाखाली बसून आत्याबाईंनी पळसाची पानं पसरली. वार त्यावर घेतली, हातांनी सारखी केली. मी समोर बसले होते. त्यांनी पंजा तिच्या शेजारी धरून बघितला.

"तुह्याच्यापेक्षा थोडी मोठी हाये," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. होती थोडी मोठी. त्यांनी मीठ आणि हळद टाकली, पानं दुमडली, सुतळीने बांधली आणि दिरांच्या हातात दिली. "घरी जाऊन पूर. जागा तुले ठाऊक हाये. मी इथंच राहतो."

ती वार कोणी तोलली नाही. नागपूरच्या डॉक्टरांना काही कळवायचं राहूनच गेलं. मला पुढे कधीकधी त्याचं वाईट वाटलं. त्यांचा अंदाज बरोबर होता हे त्यांना समजायला हवं होतं. पण तेव्हा आम्हाला त्याची शुद्ध नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. थंडी पडू लागली होती. सिस्टरनी सांगितलं, हिला अंगाला लावून ठेवा, खाली ठेवू नका. म्हणून आम्ही तिघी पाळीपाळीने तिला पोलक्याच्या आत, छातीशी धरून बसायचो. ती दूध ओढायची आणि मध्येच थकून झोपायची. मग धाकटीने दूध वाटीत काढायचं आणि मी थेंब थेंब बाळाच्या ओठावर सोडायचा. एक वाटी संपेपर्यंत दुसरीची वेळ होई. आत्याबाई आपल्या पाळीला कोणाशी बोलत नसत. बाळ छातीशी धरून भिंतीला टेकायच्या आणि सारख्या आत डोकावून बघायच्या, श्वास चालू आहे का. एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई म्हणाली, "केवढंसं झालं वो तुमच्या सुनेले. माह्या लेकीचं पाहा, गोळा हाये गोळा." आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं वजनानं मोठं. आमचं कामाचं मोठं. तिघींले नाचवून राहिलं."

माझ्या मुली शेजारणीकडे होत्या आणि घरी धानाचे भारे अर्धे बांधीतच पडून होते. मालक खाणीतून सुट्टी घेऊन आले, त्यांनी आणि दिरांनी मिळेल तसं आटोपलं. काही दाणा झडून गेला. त्याबद्दल घरात कोणी कोणाला बोललं नाही.

घरी आणल्यावरही तेच. कापूस, छाती, वाटी. फरक इतकाच की आता चूल, गोठा, शेण, पाणी, धान चुरणं, म्हणजे मळणी, सगळं त्यातच. मी उभ्या उभ्या झोपायची. एकदा विहिरीवर दोर धरलेला असताना डोळा लागला आणि बादली आत गेली. धाकटी तापाने आठवडाभर पडली तेव्हा लेकरू पूर्ण माझ्याकडेच होतं. मला तेव्हा त्या लेकरावर माया होती की नाही हेही सांगता येणार नाही. ते जगलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं, जसं उचललेलं ओझं घरापर्यंत न्यायचं असतं तसं.

माघात तिला पुन्हा तुमसरच्या दवाखान्यात दाखवायला नेलं. आत्याबाई आणि मीच गेलो, धाकटीला अजून प्रवास झेपत नव्हता. काढून आणलेलं दूध एसटीतून उतरेपर्यंतच पुरलं होतं आणि मुलगी भुकेने किंचाळत होती. चांगली मोठ्याने. सिस्टरनी तिला काट्यावर ठेवलं. काटा हलला, थांबला. "अडीचला आली की," त्या म्हणाल्या. "आता हिला काही होत नाही. हिला भूक चांगली आहे. आता छातीला बांधून नाही ठेवलं तरी चालेल." आणि एका बाळंतिणीकडून तिला पाजून घेतलं.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला रडू येईल. काहीच आलं नाही. आम्ही बाहेर आलो. एसटीला वेळ होता. आवारातल्या झाडाखाली, मी चूल मांडली होती त्याच्या जरा पलीकडे, उन्हाचा एक तुकडा होता. मी तिथे बसले, पाठ बुंध्याला टेकली. आत्याबाई लेकरू घेऊन समोर उभ्या होत्या, एवढंच आठवतं.

जागी झाले तेव्हा ऊन पार कौलांवर गेलं होतं. माझ्या अंगावर आत्याबाईंचं पांघरूण होतं. त्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या मांडीवर पसरून झोपली होती, उघडीच, हातपाय चारी दिशांना.

"गाडी?" मी म्हणाले.

"गेली."

"मले उठवाचं तं होतं."

"काहून उठवू?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दुसरी हाये. झोप."

मी उठायला गेले, पण पाय उचलेनात. मुलीने झोपेतच तोंड हलवलं, जसं काही चघळते आहे. आत्याबाईंनी तिच्या अंगावर पदर ओढला. मी पुन्हा बुंध्याला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.